फौजेतलं मी काय उचललं

"पोलीस खातं सुधारायचं असेल तर वर एखादा फौजी आणून बसवा, सहा महिन्यांत सगळं सुतासारखं सरळ होईल." हे वाक्य मी किमान तीस वर्षं बोलत आलो. प्रशिक्षणार्थींसमोर बोललो, लग्नाच्या पंगतीत बोललो, एकदा वर्तमानपत्राला पत्र लिहूनही कळवलं. पोलीस खात्यात तेहेतीस वर्षं काढलेला माणूस हे बोलतो म्हटल्यावर ऐकणारे मान डोलवायचे. ते वाक्य मी आज मागे घेतो आहे. का, ते सविस्तर सांगायला हवं.

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत सुभेदार होते. निवृत्त होऊन गडहिंग्लजजवळच्या आमच्या गावी आले, तरी बेळगावचं रेजिमेंटल सेंटर त्यांच्या अंगातून गेलं नाही. पहाटे पाचला अंथरुणाच्या घड्या, घड्यांच्या कडा एका रेषेत. लाइट इन्फंट्रीची चाल भराभर असते. ते आम्हाला शाळेत सोडायला निघाले की आम्ही भावंडं पळत असू आणि ते नुसते चालत असत. मला फौजेत जायचं होतं. डोळ्यांच्या तपासणीत नापास झालो. मग एमपीएससी देऊन १९८४ साली पोलीस उपनिरीक्षक म्हणून नाशिकला प्रशिक्षणासाठी दाखल झालो. वडिलांनी अभिनंदन केलं, पण पोलिसाची वर्दी आणि फौजेची वर्दी यांतला फरक त्यांच्या नजरेत कायम दिसायचा. तो फरक पुसायचा, आपलं पोलीस ठाणं पलटणीसारखं चालवून दाखवायचं, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं.

त्यात पहिल्याच नेमणुकीत एक साहेब भेटले. १९६२ च्या चीन युद्धानंतर इमर्जन्सी कमिशन घेऊन सैन्यात गेलेले बरेच तरुण अधिकारी पुढे स्पर्धा परीक्षा देऊन आयपीएसमध्ये आले, त्यांपैकी ते एक. ताठ कणा, काखेत छडी, आवाज असा की परेड मैदानाच्या पलीकडच्या कडूलिंबावरचे पक्षी उडावेत. त्यांच्यासमोर उभं राहिलं की पोटात गोळा यायचा, आणि मला तो गोळा आवडायचा. मी त्यांची छडी उचलली, मिशा उचलल्या, आवाज उचलला. त्यांच्यासारखं बोलताना वाक्याचा शेवट तोडायला शिकलो. त्यांची बदली झाली तेव्हा मी एकटाच रडलो असेन.

आता जे सांगायचं ते सोपं नाही.

१९९८ साली मी एका तालुक्याच्या गावी निरीक्षक होतो. गाव कोणतं ते सांगत नाही, तिथल्या माणसांना ते आपोआप कळेल. गणपती विसर्जनाचा दिवस. सकाळच्या हजेरीला एक बीट हवालदार पाच मिनिटं उशिरा आला. दाढी वाढलेली, बुटांना पॉलिश नाही, शर्टाचं वरचं बटण उघडं. मी सगळ्यांसमोर त्याला रांगेबाहेर काढला, झेंड्याच्या खांबाजवळ उन्हात उभा केला आणि कसुरी लिहिली. त्याने दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा मी "सावधान" म्हणालो.

रात्री नऊच्या सुमारास दोन मंडळांत पुढे कोण जाणार यावरून दगड उडाले. मी लाठीमाराचा हुकूम दिला. धावाधावीत एक दूधवाला सापडला. त्याचा मिरवणुकीशी संबंध नव्हता, तो सायकलला किटल्या लावून गल्लीतून बाहेर पडत होता. त्याच्या उजव्या कोपराचा चुरा झाला. मी वर पाठवलेल्या अहवालात "सौम्य बळाचा वापर" असे शब्द आहेत. ते माझ्या हातचे आहेत.

पंधरा दिवसांनी ठाणे अंमलदाराने मला एकट्याला गाठून सांगितलं, की त्या हवालदाराला आदल्या रात्रीच सगळं कळलं होतं. तो रात्रभर त्या दोन गल्ल्यांच्या मधल्या चहाच्या टपरीवर बसून होता, म्हणून दाढी राहिली, म्हणून बूट राहिले. हजेरीला तो तेच सांगायला आला होता.

हे ऐकून माझं मन त्याच दिवशी बदललं असतं, तर आज हे लिहिण्याची वेळ आली नसती. तसं झालं नाही. मी म्हणालो, "सांगायचं होतं तर सांगण्याची पद्धत असते," आणि महिन्याभरात त्याला बीटवरून काढून मुख्यालयाच्या गार्डला लावला. अठरा वर्षं एकाच बीटवर फिरलेला माणूस मी एका दाराशी उभा केला. पुढची वीस वर्षं मी हा प्रसंग शिस्तीचं उदाहरण म्हणूनच मनात ठेवला होता.

निवृत्तीनंतर मला प्रशिक्षणार्थींसमोर अधूनमधून व्याख्यानाला बोलावतात. विषय बहुतेक वेळा 'आधुनिक पोलीस दलाचा उगम'. मी नेहमीचं सांगायचो. १८२९ साली इंग्लंडचे गृहमंत्री रॉबर्ट पील यांनी लंडनमध्ये मेट्रोपॉलिटन पोलीस उभं केलं, पहिला आयुक्त म्हणून कर्नल चार्ल्स रोवन हा वॉटर्लूचा योद्धा नेमला, म्हणून ते दल यशस्वी झालं. पाठोपाठ माझं ते वाक्य. एकदा मागच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली. विदर्भातली असावी बोलण्यावरून. तिने विचारलं, "सर, वॉटर्लूवर लढलेल्या माणसानं आपल्या शिपायांच्या हातात लाकडी दंडुकाच कामून दिला? तलवार कामून नाही दिली?"

मला उत्तर येत नव्हतं. काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न जेवू देईना. रोवनचं नाव मी शंभर वेळा घेतलं होतं आणि त्याच्याविषयी मला एक ओळ माहीत होती. मग वाचायला बसलो, आणि वर्षभर वाचत राहिलो.

पहिला धक्का मला घरातूनच बसावा तसा बसला. रोवन लाइट इन्फंट्रीचा होता. आयर्लंडच्या अँट्रिम परगण्यातला हा मुलगा १७९७ साली ब्रिटिश सैन्याच्या ५२ व्या पलटणीत दाखल झाला. ही पलटण पुढे केंट किनाऱ्यावरच्या शॉर्नक्लिफ छावणीत सर जॉन मूर यांच्या हाताखाली लाइट इन्फंट्री म्हणून घडली. त्या काळच्या सैन्यात शिस्त म्हणजे पाठीवर चाबूक. शिपायाने डोकं वापरायचं नाही, रांगेत उभं राहून हुकमाबरोबर बार टाकायचा. मूर यांनी उलटी वाट धरली. लाइट इन्फंट्रीचा शिपाई मुख्य रांगेच्या पुढे, जोडीजोडीने, झाडाझुडपांच्या आडून लढतो. तिथे हुकूम द्यायला कोणी शेजारी नसतो. तेव्हा त्याला विचार करता आला पाहिजे, आणि त्याने पाहिलेलं त्याच्या अधिकाऱ्यापर्यंत पोचलं पाहिजे. म्हणून अधिकाऱ्याने आपल्या शिपायांना नावानिशी ओळखावं, शिक्षेची वेळच येऊ नये असं वागावं, हा मूर यांचा आग्रह. रोवन या शाळेत तयार झाला. स्पेनच्या मोहिमेत लाइट डिव्हिजनबरोबर होता, १८१२ साली बाडाहोसच्या वेढ्यात जखमी झाला, १८१५ साली वॉटर्लूवर ५२ व्या पलटणीच्या एका भागाचं नेतृत्व करताना पुन्हा जखमी झाला. १८२२ साली त्याने पलटण सोडली.

माझे वडील लाइट इन्फंट्रीत आयुष्य घालवून आले होते. त्यांच्याकडून मी घड्या आणि पॉलिश तेवढं घेतलं. आता आठवतं, ते शिक्षेच्या गोष्टी कधीच सांगत नसत. सांगत ते जवानांच्या गोष्टी. अमक्याची म्हैस कधी व्याली, तमक्याच्या बायकोला कोणतं दुखणं होतं, रात्रीच्या गस्तीवर कोणाला आधी चाहूल लागायची. ते आम्हाला कंटाळवाणं वाटायचं.

१८२९ च्या जुलैमध्ये रोवन आणि रिचर्ड मेन नावाचा तरुण बॅरिस्टर असे दोघं मिळून आयुक्त झाले. एक फौजी आणि एक वकील, दोघांचा दर्जा सारखा. माझ्या व्याख्यानात मेनचं नाव कधीच आलं नव्हतं. वकील काय पोलीस चालवणार, असं मनात होतं. कायद्याने काय करता येतं आणि काय येत नाही हे सांगणारा माणूस रोवनच्या शेजारी वीस वर्षं बसला होता, ही गोष्ट मी खुशाल गाळत होतो.

२९ सप्टेंबर १८२९ च्या संध्याकाळी त्यांचे शिपाई पहिल्यांदा रस्त्यावर आले. लोक त्यांच्यावर थुंकत होते. कारण दहाच वर्षांपूर्वी, १८१९ साली, मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर मताधिकार मागणाऱ्या जमावात घोडदळ घुसवलं होतं. माणसं मेली होती, शेकडो जखमी झाली होती. सरकार आता आपल्या गल्लीत कायमचं सैन्य आणून बसवतंय, अशी लंडनच्या माणसाची खात्री होती. निळ्या कोटातल्या शिपायांना त्यांनी 'कच्ची शेवंड' म्हणायला सुरुवात केली. आपल्या कोकणातल्या माणसाला हे लगेच समजेल. त्यांच्याकडची शेवंड कच्ची असते तेव्हा निळसर काळी आणि उकळत्या पाण्यात पडली की लालभडक. ब्रिटिश सैनिकाचा कोट लाल. निळा कोट जरा तापू दे, आत सैनिकच निघेल, हा त्याचा अर्थ.

रोवनला हे नीट कळत होतं असं त्या दलाची मांडणी पाहिली की वाटतं. कोट मुद्दाम निळा, शेपटीचा, साध्या नागरिकासारखा. डोक्याला उंच हॅट. दंडुका कोटाच्या शेपटीत, दिसणार नाही असा. मदतीला बोलावायला लाकडी खुळखुळा. तलवारी अगदीच नव्हत्या असं नाही. अडीअडचणीसाठी त्या राखून ठेवलेल्या होत्या, पण रोजच्या गस्तीवर नाहीत. हुद्देही पाहा. कॉन्स्टेबल, इन्स्पेक्टर, सुपरिंटेंडेंट. यांत सार्जंट तेवढा सैन्यातला. आमच्याकडे शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सगळी नावं छावणीतून आलेली. मी याचा अभिमान बाळगायचो.

मग सैन्यातून त्याने आणलं तरी काय? मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते बीट. शहराचे विभाग, विभागाचे तुकडे, आणि एकेका तुकड्यात एक माणूस, तासाला अडीच मैलांच्या संथ चालीने तेच रस्ते पुन्हा पुन्हा फिरणारा. कोणाचं दार रात्री उघडं राहतं, कोणत्या दिव्याखाली कोण उभं असतं, हे त्याला पाठ व्हावं. ठरलेल्या जागी सार्जंट त्याला भेटणार आणि विचारणार. ही लाइट इन्फंट्रीची पुढची चौकी आहे, फक्त समोर शत्रू नाही. शिपायाने शिव्या ऐकून घ्याव्यात, राग येऊ देऊ नये, चोर पकडण्यापेक्षा चोरी होऊ न देणं हे काम मोठं, हे त्यांच्या सूचनांत सुरुवातीलाच लिहिलेलं होतं. वरच्या जागा बहुतेक खालून बढतीने भरायच्या हेही ठरलेलं. मोठ्या घराण्यातल्या मुलांना थेट साहेब करायचं नाही.

रोवन मऊ माणूस नव्हता. पहिल्या क्रमांकाचा शिपाई पहिल्याच दिवशी दारू पिऊन आला आणि त्याच दिवशी घरी गेला. पुढच्या काही वर्षांत लोक इतके काढले की दल जवळजवळ पुन्हा भरावं लागलं. बहुतेक दारूपायीच गेले. सुरुवातीचे बरेचसे सुपरिंटेंडेंट आणि इन्स्पेक्टर जुने सैनिक होते, कवायत होती, हजेरी होती. शिस्त कडकच होती. ती कशासाठी होती, एवढाच प्रश्न.

एक कबुली इथेच देतो. 'पीलची नऊ तत्त्वं' म्हणून जी यादी जगभर शिकवतात, ती मीही फळ्यावर लिहून शिकवली. त्या रूपात ती पीलने लिहिलेलीच नाहीत. विसाव्या शतकात चार्ल्स रीथ या इतिहासकाराने जुन्या कागदांतला आशय घेऊन ती मांडली. ज्यांना मी ती चुकीच्या नावाने शिकवली, त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर दुरुस्ती करून घ्यावी.

रोवनच्या दलाच्या चुका मी टाळून वाचल्या नाहीत. उलट तिथे जास्त वेळ थांबलो. १३ मे १८३३, कोल्डबाथ फील्ड्स. सरकारने बंदी घातलेली कामगारांची सभा. पोलिसांनी दंडुके चालवले आणि गरजेपेक्षा जास्त चालवले असा आरोप झाला. त्या गोंधळात रॉबर्ट कली नावाचा शिपाई भोसकला जाऊन मेला. मृत्यूच्या चौकशीला बसलेल्या सामान्य नागरिकांच्या ज्यूरीने निकाल दिला की हा वध समर्थनीय आहे. निकाल पुढे न्यायालयाने रद्द केला, पण लोकांनी त्या ज्यूरींचा सत्कार केला होता. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. आपला शिपाई मेला आहे आणि शहर मारणाऱ्याच्या बाजूने आहे, हे ऐकून एखाद्या फौजी आयुक्ताने काय केलं असतं? मी काय केलं असतं ते मला माहीत आहे. रोवन आणि मेन संसदेच्या चौकशी समितीसमोर गेले, उत्तरं दिली. त्याच वर्षी साध्या कपड्यांत कामगार संघटनेत घुसून हेरगिरी करणाऱ्या पोपे नावाच्या सार्जंटचं प्रकरण निघालं, त्याला नोकरीवरून काढलं. साध्या वेशातला गुप्त तपास विभाग त्या दलात आला तो १८४२ मध्ये, आणि तोही अगदी लहान.

मग १० एप्रिल १८४८. मताधिकाराच्या मागणीसाठी चार्टिस्टांचा प्रचंड मेळावा केनिंग्टनच्या माळावर. युरोपात त्या वर्षी सिंहासनं कोसळत होती. वृद्ध ड्यूक ऑफ वेलिंग्टनने सैन्य तयार ठेवलं होतं, पण नजरेआड. समोर पोलीस आणि खास नेमलेले नागरिक. मेनने चार्टिस्टांचा नेता फर्गस ओकॉनर याला बोलावून सांगितलं, सभा घ्या, मिरवणूक पुलांपलीकडे आणू नका. सभा झाली, अर्ज घोडागाडीतून संसदेकडे गेला, मोठा रक्तपात झाला नाही. माझी मुलगी लंडनला असते. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो तेव्हा केनिंग्टनला गेलो. आता तिथे बाग आहे. मुलं चेंडू खेळत होती. मी एका बाकावर बसून त्या माणसांची कल्पना करत होतो. हजारोंचा जमाव, पलीकडे पूल, आणि मागे बंदुका असूनही त्या दाखवायच्या नाहीत असं ठरवणारे अधिकारी. मला माझा विसर्जनाचा दिवस आठवला. माझ्याकडे रात्री नऊपर्यंत बारा तास होते. दोन मंडळांच्या अध्यक्षांना बोलावून कोण आधी जाणार हे ठरवायला अर्धा तास पुरला असता.

दुसरा फौजी आपल्या जवळचा आहे. चार्ल्स नेपियर. वयाने रोवनच्या बरोबरीचा, स्पेनमध्ये त्याच मोहिमेत लढलेला, जॉन मूर यांना गुरू मानणारा. १८४३ साली त्याने सिंध जिंकला आणि तिथे पोलीस उभं केलं. सैन्यापासून वेगळं, स्वतःचे अधिकारी असलेलं, पण नमुना लंडनचा नाही, आयर्लंडच्या सशस्त्र दलाचा. मुंबई इलाख्याने पुढे तोच नमुना घेतला, आणि १८६१ च्या कायद्याने देशभर जे पोलीस आलं त्याच्या मुळाशीही आयरिश नमुनाच आहे. आमची ठाणी या घरातली. एकाच गुरूला मानणारे दोन सैनिक, आणि दोन वेगळी पोलीस दलं. नेपियर रोवनपेक्षा वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. पण त्याच्यासमोर जिंकलेला मुलूख होता. रोवनसमोर कर भरणारे, ज्यूरीत बसणारे, त्याच्या शिपायावर निकाल देऊ शकणारे लोक होते. मी स्वतंत्र देशाच्या नागरिकांचा पोलीस होतो आणि चाळीस हजार वस्तीच्या त्या गावात नेपियरसारखा वागत होतो.

लंडनमध्येही पुढे फौजी आयुक्त आले, त्यांत सर चार्ल्स वॉरन हा सैन्याचा अभियंता. १३ नोव्हेंबर १८८७ ला ट्रफॅल्गर चौकात पोलिसांच्या मदतीला सैन्य आणलं गेलं, तो दिवस 'रक्तरंजित रविवार' म्हणून ओळखला जातो. वर्षभरात त्याने राजीनामा दिला. म्हणजे फौजी आणून बसवा हे माझं वाक्य लंडनच्याच इतिहासात टिकत नाही. फौजी आणू नका, असंही मला आता म्हणवत नाही. ज्या माणसाने पोलिसांना सैन्य होऊ दिलं नाही तोच फौजी होता.

हे सगळं वाचून झाल्यावर मला माझे ते साहेब पुन्हा आठवले, आणि वेगळे आठवले. एक रात्र होती, १९८५ ची. अडीच वाजता ते न कळवता ठाण्यात आले. मी धडपडत उठून सलाम ठोकला. त्यांनी मला बसायला सांगितलं. मग छडी टेबलावर ठेवली आणि बाहेरच्या बाकावर गस्तीवरून परतलेल्या शिपायाच्या शेजारी जाऊन बसले. त्याला विचारत राहिले. आज काय दिसलं, कोण जागं होतं, कुत्री कुठे भुंकली. पाऊण तास. शिपाई आधी घाबरला होता, मग हातवारे करून सांगू लागला. साहेब मध्येच एखादं नाव विचारत आणि छोट्या वहीत टिपून घेत. त्या पाऊण तासात मी काय पाहत होतो? टेबलावरची छडी. तिची पितळी टोपी किती लख्ख आहे ते.

गेल्या दिवाळीनंतर त्या हवालदाराचा पत्ता शोधून काढला. आता पंचाहत्तरीचा आहे, शेती बघतो, ऐकू थोडं कमी येतं. मला पाहून उठून उभा राहिला, मी नको म्हणत असताना त्याने सलामही केला. त्याच्या सुनेने चहा दिला. मी म्हणालो, "त्या दिवशी हजेरीला तुम्ही जे सांगणार होता ते ऐकायला आलोय." आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला 'तुम्ही' म्हणत होतो.

तो बराच वेळ अंगणाकडे बघत बसला. मला वाटलं, विसरला असेल, किंवा सांगायचं नसेल. मग त्याने सुरुवात केली. दगड टेम्पोतून आले नव्हते, गटाराचं काम चालू होतं तिथली खडी होती. ती दुपारीच हलवायला हवी होती. भांडण गणपतीचं नव्हतं, दोन भावांच्या सामाईक भिंतीचं होतं, दोघं वेगवेगळ्या मंडळांत होते. थोरला ऐकणारा होता, त्याच्या मामाला बोलावलं असतं तर मिटलं असतं. मामा बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानात कामाला. आणि दूधवाल्याला त्या गल्लीतून जाऊ नको म्हणून तो स्वतः सांगून येणार होता, रोज नऊलाच जायचा तो.

"अजून हाय तो," हवालदार म्हणाले. "हात वाकत नाही. पोरगं धंदा बघतंय."

मी वही काढली आणि त्यांनी सांगितलेलं सगळं सुरुवातीपासून पुन्हा विचारून लिहून घेतलं. त्यांनी दोन ठिकाणी मला थांबवून गल्लीचं नाव दुरुस्त केलं.